दुपारचं जेवण डोंगरापलीकडे

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले: ‘आम्ही फ्रान्समध्ये पो गावी राहायचो तेव्हा एखाद्या शनिवारी जेवायला स्पेनला जायचो.’ या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की व्हिसावरच्या माझ्या चार पानी लेखालासुद्धा हेवा वाटावा. तेव्हा या वेळचं सगळं टपाल त्याच रस्त्याचं. आम्ही पोला 1995 ते 2007 अशी बारा वर्षं काढली. तिथून जवळच लाकला 1951 साली जमिनीखाली वायू सापडला आणि तेव्हापासून पोमध्ये भूगर्भवाल्यांची वस्ती वाढली. आमचे हे त्यातलेच एक. आता साताऱ्याला असतो, पण मुलगा तिकडेच असल्यामुळे दर दोन वर्षांनी फेरी होते.

प्रश्न : ताई, मुलगी आणि जावई पोलाच राहतात. सप्टेंबरअखेर आम्ही दोघं महिनाभर जाणार आहोत. माझं वय 66, यांचं 71. हे मिरजेहून रेल्वेतून निवृत्त झाले. मुलगी म्हणते, एक दिवस स्पेनमध्ये जेवून येऊ. मधे पिरेनीजचा एवढा डोंगर! आम्ही यादी केली आहे: किल्ला, देऊळ (चर्च), स्टेशन, संग्रहालय, धरण. पहाटे पाचला निघालो तर सगळं होईल का? की फार दगदग होईल? — एक वाचक, मिरज

पहाटे पाचला निघून करणार काय? साडेसातला पलीकडच्या गावच्या चौकात उभ्या राहाल आणि समोर झाडूवाल्याशिवाय चिटपाखरू नसेल. ती यादी घरी ठेवा. स्टेशन तेवढं राहू द्या, ते यांच्यासाठी. बाकी दिवस जेवणाभोवती बांधायचा, आणि त्यासाठी आधी घड्याळ समजून घ्यायचं.

आम्ही पहिल्यांदा गेलो 1996 च्या जूनमध्ये. मी आपली सहलीच्या सवयीने पहाटे उठले, पोरांना अर्धवट झोपेत गाडीत कोंबलं. जेवायलाच जायचं म्हणून डबा घेतला नाही. बारा वाजता एका खानावळीत शिरलो तर मालक अजून टेबलांवरच्या खुर्च्या खाली उतरवत होता. त्याने हसून दोन बोटं दाखवली. मला वाटलं दोन मिनिटं. ते निघाले दोन वाजता! पाच आणि आठ वर्षांच्या दोन पोरांनी भर चौकात जो गळा काढला, तो मला अजून ऐकू येतो. शेवटी बेकरीतल्या साखर लावलेल्या पावावर वेळ मारून नेली आणि दोन वाजता कोणालाच भूक नव्हती.

घरी परतल्यावर खालच्या मजल्यावरच्या मादामना ही कर्मकथा सांगितली. त्या तेव्हा सत्तरीच्या. म्हणाल्या, ‘नऊच्या आधी गाडीची किल्ली फिरवायचीच नाही. आणि स्पेनमध्ये भूक घड्याळाला विचारू नकोस, सूर्याला विचार.’

सूर्याला विचार म्हणजे काय, हे मला आमच्या ह्यांनी पाटीवर आकृती काढून समजावलं. पो काय किंवा पलीकडचं स्पेनमधलं हाका काय, दोन्ही गावं ग्रीनिचच्या रेषेच्या थोडी पश्चिमेलाच आहेत. न्यायाने तिथे लंडनची वेळ हवी. पण 1940 साली युद्धाच्या धामधुमीत फ्रान्स आणि स्पेन दोघांचीही घड्याळं मध्य युरोपच्या वेळेला लागली आणि तिथेच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास पुढे. परिणाम असा की उन्हाळी वेळ चालू असते तोवर त्या भागात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमाराला. आपल्याकडे साताऱ्या-मिरजेला तो साडेबाराच्या आसपास येतो. आता हिशेब करा. स्पॅनिश माणूस अडीचला जेवतो तेव्हा सूर्याच्या लेखी आपला एक वाजलेला असतो. म्हणजे तो उशिरा जेवतच नाही, आपल्या शेतकऱ्याच्या वेळेलाच भाकरी सोडतो. उलट फ्रेंच माणूस ठोक बाराला जेवतो, तेव्हा आपले साडेदहा! शाळेच्या डब्याची वेळ. डोंगर एक, घड्याळ एक, आणि दोन्हीकडच्या पोटांत दोन तासांचा फरक. हा फरकच तुमच्या सहलीचं भांडवल. फ्रान्समधून सावकाश निघा, वाटेत चार ठिकाणी थांबा, तरी पलीकडे तुम्ही वेळेवरच.

आता रस्ता. पो गावापासून ओलोराँ पस्तीसेक किलोमीटर. बेरे टोप्यांचं हे गाव. चॉकलेटचा मोठा कारखानाही आहे, वारा योग्य असला तर नाकाला कळतं. इथे सेंत-मारीच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा गाडीतून उतरून बघा, दहा मिनिटांचं काम. (तुम्ही कंसात लिहिलं तसं ते चर्चच, पण मला देऊळच म्हणायची सवय आहे.) पुढे आस्प नदीचं खोरं सुरू होतं आणि रस्ता नदीला धरून चढू लागतो. गर्द हिरवं, ओलं, बीच नावाच्या झाडांचं रान. सप्टेंबरअखेर वरच्या पानांना तांबूस कड आलेली असते. हे अस्वलांचं रान. 2004 च्या नोव्हेंबरात इथली कानेल नावाची अस्वलीण शिकाऱ्याच्या गोळीने मेली. त्या डोंगरांच्या मूळ वंशातली ती शेवटची मादी. आमच्या मुलीच्या वर्गातली पोरं रडली होती. त्याच आठवड्यात रस्त्यावर मेंढपाळांनी अस्वलांच्या विरोधात रंगवलेली अक्षरंही वाचली होती. दोन्ही बाजू खऱ्या असतात असं म्हणून मी तेव्हा मुलीच्या शिव्या खाल्ल्या.

खोरं अरुंद होत जातं आणि एका वळणावर कड्याला चिकटलेला पोर्तालेचा किल्ला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लेओं ब्लुमसारखे फ्रान्सचे माजी पंतप्रधान डांबले होते, आणि युद्ध संपल्यावर 1945 मध्ये त्याच किल्ल्यात, ज्यांच्या सरकारने त्यांना डांबलं त्या मार्शल पेतँना ठेवलं. मादाम हे सांगताना दर वेळी जिवणी घट्ट मिटून मान हलवायच्या. किल्ला चढू नका, खालून बघा. समोरच्या कड्यात एक आडवी पायवाट खोदलेली दिसेल, अठराव्या शतकात आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी वरच्या रानातले सोट खाली आणायला केलेली. ती खालून बघितली तरी माझे तळवे घामेजतात.

त्यापुढे दोन वाटा. एक सोंपोरचा बोगदा, 8.6 किलोमीटर लांब, टोल नाही. तो 2003 च्या जानेवारीत उघडला तेव्हा आम्ही तिथेच होतो, पहिल्याच रविवारी हौसेने जाऊन आलो आणि पार निराश झालो. डोंगर ओलांडल्यासारखं काही वाटतच नाही हो! हवा स्वच्छ असेल तर जुन्या घाटाने वर जा. खिंडीची उंची 1632 मीटर. कळसूबाई 1646, म्हणजे आपल्या सर्वोच्च शिखरापेक्षा ही खिंड जेमतेम 14 मीटरनी कमी, आणि तिच्या आजूबाजूची शिखरं आणखी हजार मीटर वर. खिंडीत गाडी थांबवून दोन्हीकडे बघा. फ्रान्सच्या बाजूला पुष्कळदा ढग भरलेले असतात, स्पेनच्या बाजूला लख्ख ऊन. आपण पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरतो तेव्हा पाऊस मागे राहतो, तोच प्रकार. अटलांटिकवरून आलेलं पाणी उत्तरेचा डोंगर पिऊन टाकतो, दक्षिणेला उरतं ते ऊन आणि वारा. हिरवा रंग जाऊन पिवळा-राखाडी येतो. घरांची छपरंसुद्धा बदलतात, उत्तरेला पातळ काळी स्लेट आणि तीव्र उतार, दक्षिणेला जाड दगडी लाद्या.

खिंडीच्या थोडं खाली सांता क्रिस्तीना नावाच्या जुन्या धर्मशाळेचे चौथरे आहेत. बाराव्या शतकातल्या यात्रा-पोथीत जगातल्या तीन मोठ्या धर्मशाळा सांगितल्यात, त्यांतली एक जेरुसलेमला, एक आल्प्समध्ये आणि तिसरी ही. आता फक्त गुडघाभर भिंती. पण स्पेनच्या पश्चिम टोकाच्या सांतियागो तीर्थाला चालत निघालेले यात्रेकरू अजून तिथे पाठीवरची पिशवी उतरवतात.

आणि मग कानफ्रांक. हे तुमच्या यांच्यासाठी. डोंगराच्या तळाशी, चिमूटभर गावात, 241 मीटर लांब राजवाड्यासारखं स्टेशन. खिडक्या वर्षाच्या दिवसांइतक्या, 365, असं तिथे सांगतात. मिरजेच्या माणसाला मी गेजचं काय सांगू! एकाच स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज नांदताना त्यांनी पाहिलेत. इथेही तोच घोळ. फ्रान्सचा रूळ 1435 मिलिमीटरचा, स्पेनचा आज 1668. (आपला ब्रॉडगेज 1676, म्हणजे स्पेनपेक्षा फक्त 8 मिलिमीटर जास्त. हे त्यांना सांगा, खूश होतील.) त्यामुळे एका अंगाला फ्रेंच गाडी, दुसऱ्या अंगाला स्पॅनिश, आणि मधल्या इमारतीतून सगळ्या उतारूंची आणि मालाची अदलाबदल. स्टेशन 1928 च्या 18 जुलैला स्पेनचा राजा आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष यांच्या उपस्थितीत उघडलं. युद्धात इथून नाझींचं सोनं गेलं, जीव मुठीत घेऊन पळणारी माणसंही गेली. मग 1970 च्या 27 मार्चला फ्रान्सच्या बाजूला मक्याने भरलेली मालगाडी घसरली, लेस्तांगेचा पूल कोसळला, आणि तो पुन्हा बांधलाच नाही. डोंगरापलीकडची गाडी त्या दिवशी बंद पडली ती आजतागायत. तुम्ही येताना आस्पच्या खोऱ्यात बेदूस गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेने झुडपांत गेलेला रूळ दिसेल, तोच तो.

आमच्या वेळी स्टेशन पडीक होतं. फुटक्या काचा, पारवे, फलाटावर गवत. मुलं आत लपाछपी खेळायची. 2023 पासून तिथे चकचकीत हॉटेल झालंय, आणि शेजारी नवं, आटोपशीर स्टेशन. हुएस्का आणि सारागोसाकडे जाणारी गाडी अजून तिथून सुटते. मागच्या खेपेला मी हॉटेलच्या दिवाणखान्यात डोकावले. सुंदर केलंय. तरी मला आपले पारवे बरे वाटत होते.

तिथून हाका पंचवीसेक किलोमीटर. रोमन लिपीतलं पहिलं अक्षर बघून आपण ‘जाका’ वाचतो, पण स्पॅनिशमध्ये ते ‘हाका’, कोणीतरी लांबून मारल्यासारख्या. आरागॉन राज्याची (आता तो स्पेनचा एक प्रांत) पहिली राजधानी ती हीच. साडेबाराच्या सुमाराला पोचाल. आधी देऊळ बघून घ्या, कारण दुपारी ते बंद होतं आणि जेवण सोडून उठणं हे पाप आहे. अकराव्या शतकातलं बांधकाम, भिंतींवरून फिरणारी बुद्धिबळाच्या पटासारखी दगडी पट्टी. हीच नक्षी पुढे यात्रामार्गावरच्या देवळांवर भेटत राहते आणि तिला हाकाचंच नाव आहे. मग पाचकोनी किल्ल्याच्या खंदकाशी जा. खंदकात पाणी नाही, हरणं चरतात. बाकावर बसा, हरणं बघा, भूक लागू द्या.

सव्वादोनला टेबलाशी. शनिवार-रविवार असेल तर मुलीला दोन दिवस आधी फोन करून जागा सांगून ठेवायला सांगा. फळ्यावर ‘मेनू देल दिया’ लिहिलेलं असतं, म्हणजे आजची थाळी. पहिलं वाढप, दुसरं वाढप, गोड, पाव आणि पाणी किंवा वाइन, सगळं एका किमतीत. गेल्या खेपेला शनिवारी माणशी 24 युरो पडले, आठवड्यात अठरापर्यंत होतं. तुम्ही मटण खात असाल तर ‘तेर्नास्को’ मागवा, कोवळ्या कोकराचं, भट्टीत बटाट्यांवर भाजलेलं. मसाला म्हणाल तर मीठ, लसूण आणि संयम. पहिल्या घासाला आपल्याला वाटतं, यात काहीतरी राहिलं. तिसऱ्या घासाला कळतं, काही राहिलेलं नाही. शेवटी पीच वाइनमध्ये मुरवलेले. गाडी चालवणाऱ्याने मात्र पाण्यावर भागवायचं, जावयाला आधीच सांगून ठेवा म्हणजे तोंड वाकडं होणार नाही.

आणि जेवण झाल्यावर उठायचं नाही. त्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. ताटं गेली, माणसं तिथेच. आपल्याकडे पूर्वी पानाचा डबा मधे ठेवून सुपारी कातरत बसायचे तसं. कोणी बिल आणून आदळत नाही, तुम्ही मागितल्याशिवाय येतच नाही. आमचे हे पहिल्यांदा बिलाची वाट बघत पाऊण तास बसले होते आणि मनातल्या मनात वेटरला शिव्या देत होते. तो बिचारा आम्हाला मान देत होता.

दगदगीचं म्हणाल तर दोन तास जाणं, अडीच-पावणेतीन तास येणं, मधे सात-आठ थांबे. मिरजेहून पुण्याला लग्नाला जाऊन त्याच दिवशी परतण्यापेक्षा नक्कीच कमी. फक्त निघण्याआधी रस्ता चालू आहे ना, ते बघा. 2024 च्या सप्टेंबरात पावसाने आस्पच्या खोऱ्यातला रस्ता उर्दोसजवळ वाहून गेला आणि काही महिने वाहतूक बंद होती.

प्रश्न : माझा फ्रान्सचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे. स्पेनमध्ये जेवायला गेलो तर परत येताना अडवतील का? — एक वाचक, नाशिक

नाही. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत, त्यामुळे ही ये-जा प्रवेश म्हणून मोजत नाहीत, शिक्काही पडत नाही. पण पासपोर्ट खिशात हवा, फोनमधला फोटो नको. फ्रान्सने 2015 पासून सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि डोंगरातल्या रस्त्यांवर पोलीस थांबवतात. आम्हाला एकदा थांबवलं तेव्हा पासपोर्ट घरच्या कपाटात. अर्धा तास गेला आणि ह्यांचं भाषण संध्याकाळपर्यंत पुरलं. हो, आणि ‘इथवर आलोच आहोत तर अँडोराही करू’ असं कोणी सुचवलं तर एकदाच्या व्हिसावर मुळीच जाऊ नका. अँडोरा हा फ्रान्स आणि स्पेनच्या मधला चिमुकला देश शेंगेनमध्ये नाही. तिथे पाय ठेवलात की तुम्ही बाहेर पडलात, आणि आत यायचा हक्क संपलेला.

भाड्याची गाडी असेल तर सीमा ओलांडणार हे आधी सांगा, आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या.

प्रश्न : आम्ही माळकरी. मांस-मासे नाही, अंडंही नाही. स्पेनमध्ये नुसता पाव खाऊन परत यायचं का? — एक वाचक, पंढरपूर

माउली, तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या 1999 मध्ये आल्या होत्या. मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांच्यासाठी ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, असं सांगून पालेभाजीचं सूप आणि कोशिंबीर मागवली. सुपात गुलाबी चौकोनी तुकडे. विचारलं तर वेटर म्हणाला, हे मांस नाही, हे हामोन आहे! डुकराचं खारवलेलं मांस त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत, ते चवीपुरतं मिठासारखं. सूप परत गेलं. मग कोशिंबीर आली, वरून हिरवीगार. ट्यूना माशाला स्पॅनिशमध्ये ‘आतून’ म्हणतात. तर वरून लेट्यूस आणि आतून आतून. सासूबाईंनी त्या दिवशी दोन पीच आणि पाव खाल्ला, आणि पाण्याचा ग्लास नाकाशी नेऊन वास घेऊनच प्यायल्या.

दुसऱ्या वेळी मी मादामकडून वाक्य पाठ करून गेले. तेच तुम्हाला देते, कागदावर लिहून न्या: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन वेवो.’ शेवटचं ते अंड्यासाठी. ‘शाकाहारी’ एवढंच सांगून भागत नाही, एकेका वैऱ्याचं नाव घ्यावं लागतं.

आणि मग मागायचं काय? ‘बोर्राहा’. ही आरागॉनची लाडकी पालेभाजी. आसपासचे एक-दोन प्रांत सोडले तर स्पेनमध्येही ती फारशी कोणी खात नाही. देठांवर बारीक लव असते, ती खरवडून काढतात, बटाट्याबरोबर उकडतात आणि वरून कच्चं ऑलिव्ह तेल. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ही तर अळूच्या देठीसारखी लागते, फोडणी विसरलेली.’ आणि दोन वाट्या संपवल्या. भाजलेल्या लाल मिरच्या मागा, तिखट नसतात. टोमॅटो चोळलेला पाव मागा. पावसाळी दिवसांनंतर गेलात तर रानातल्या अळंब्या लसणावर परतून मिळतात. छोले-पालक दिसलं तर विचारूनच घ्या, त्यात हाडाचा रस्सा असू शकतो. ‘मिगास’ नावाचा पावाचा कुस्करा अगदी आपल्या फोडणीच्या पोळीचा चुलतभाऊ आहे, पण तो बहुतेक चरबीत आणि सॉसेजबरोबर करतात, तेव्हा नको. ‘क्वाहादा’ हे मेंढीच्या दुधाचं दह्यासारखं गोड, मध घालून देतात. ते दिसायला निर्मळ असलं तरी विरजण कोकराच्या पोटातलं असतं. सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं.

प्रश्न : मला महाबळेश्वरच्या घाटातही मळमळतं. या सहलीत मागे कसं परतावं, सोपा रस्ता कुठला? — एक वाचक, पुणे

सोपा हवा असेल तर आलात तसेच बोगद्याने परत जा. मला दुसरी वाट प्रिय आहे, पण तुम्हाला ती सोसेल का, ते तुम्ही ठरवा. हाकाहून साबिन्यानिगो, बिएस्कास, सायेंत आणि मग पुर्तालेची खिंड (मघाचा पोर्तालेचा किल्ला वेगळा), 1794 मीटर. ही मात्र कळसूबाईला मागे टाकते. स्पेनची बाजू रुंद आणि सौम्य आहे. खिंडीवर दुकानांची रांग, फ्रेंच माणसं दारू, सिगारेट आणि चीज स्वस्त मिळतं म्हणून डिक्की भरून नेतात. आम्हीही पेट्रोल स्पेनमध्येच भरायचो. 2002 च्या आधी खिशात दोन पाकिटं असायची, एक फ्रँकचं आणि एक पेसेताचं, आणि या दुकानांत उरलेले पेसेता संपवायला भलतंसलतं घेतलं जायचं. त्यातला एक चामड्याचा बुधला अजून माळ्यावर आहे.

उतरताना समोर पिक द्यु मिदी द’ओसो, 2884 मीटरचा, दोन सुळक्यांचा. याचं दर्शन संध्याकाळच्या उन्हात घ्यायचं म्हणून तर ही वाट परतीची. मग गाबास, लाराँस, पो. वळणं आहेत, आणि मेंढ्याही. सप्टेंबरअखेर कुरणांवरून कळप खाली येत असतात. रस्ताभर मेंढ्या, पुढे कुत्रा, मागे छत्री घेतलेला धनगर, आणि गाडी बंद करून बसण्याखेरीज इलाज नाही. तुम्हाला मळमळत असेल तर हा थांबा म्हणजे देवाची कृपाच. पुढच्या सीटवर बसा, जेवणात वाइन नको, गोळी डॉक्टरांना विचारून न्या. आणि नोव्हेंबर ते मार्च हा बेत करू नका. तेव्हा त्या डोंगरांत बर्फाचे टायर किंवा साखळ्या गाडीत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि पुर्ताले बर्फाने बंदही पडतो.

प्रश्न : जेवायला दुसऱ्या देशात जाणं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का? तुमच्या सदरातून हे शिकवायचं? — एक वाचक, बीड

चोचले आहेतच. नाकारत नाही. पण तुम्ही बीडहून लिहिलंय म्हणून एक सांगते. मादामची आजी स्पेनच्या बाजूच्या आन्सो खोऱ्यातली. तिथल्या पोरी शरद ऋतूत, बर्फ पडायच्या आत, गटागटाने हा डोंगर पायी ओलांडून फ्रान्समध्ये मोलेओं गावी यायच्या. तिथे दोरीच्या तळव्याच्या चपला शिवायचे कारखाने होते. हिवाळाभर शिवायच्या आणि वसंतात पुन्हा चालत घरी, लग्नाच्या सामानापुरते पैसे घेऊन. काळे कपडे आणि ही ये-जा, त्यामुळे लोक त्यांना पाकोळ्या म्हणायचे. दसरा झाला की बैलगाड्या जोडून कारखान्याकडे निघणारी तुमच्याकडची बिऱ्हाडं तुम्ही पाहिली आहेत, त्यामुळे मी जास्त सांगायला नको. मादाम खिंडीत गाडी थांबवायला लावायच्या आणि आजीच्या नावाने पावाचा एक तुकडा तिथे गवतात ठेवायच्या. मग म्हणायच्या, ‘ती उपाशी चढली, मी जेवायला उतरते. चला.’

जेवायला जाण्यात काही शिकवण आहे असं मी म्हणत नाही. मला तिथे भूक चांगली लागते.

प्रश्न : तिकडून आणण्यासारखं स्वस्त आणि हलकं काय? — एक वाचक, कोल्हापूर

‘पिमेंतॉन’ची पत्र्याची डबी. धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड, गोडी, मध्यम आणि तिखट अशा तीन जातींची. ती आरागॉनची नव्हे, पार पश्चिमेच्या ला वेराकडची, पण हाकाच्या वाण्याकडे मिळते. कोल्हापूरला मिरची नेणं म्हणजे काय, हे मला कळतं. तरी न्या. सासूबाईंनी ती पिठल्यात घातली होती. घरभर चुलीवरच्या स्वयंपाकाचा वास सुटला, आणि शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, गॅस संपला का तुमचा?